संस्कृत, पाली आणि आपली मराठी : आधी कोण?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिन म्हटला की विहाराने वर्षभरात काय केले याचा हिशेब मांडायचा असतो. तो कार्यवाहांनी मांडलाच आहे. आम्हाला संयोजकांनी सांगितले की, तुम्ही मुलांच्या रविवारच्या वर्गाविषयी बोला. म्हणून त्या वर्गात पुन्हा पुन्हा येणारा एकच प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवतो. मुले विचारतात, "शाळेत सांगतात मराठी ही संस्कृतची मुलगी. घरी काका सांगतात, संस्कृतच पालीपासून निघाली, ती नंतर बनवलेली भाषा आहे. मग खरं काय?"

प्रश्न लहान मुलाचा आहे, पण त्यावर मोठी माणसे हमरीतुमरीवर येतात. लग्नाच्या मांडवात, चहाच्या टपरीवर, वस्तीच्या कट्ट्यावर हा वाद आम्ही ऐकला आहे. एक बाजू म्हणते, संस्कृत ही जगातल्या सगळ्या भाषांची जननी. दुसरी म्हणते, सम्राट अशोकाच्या काळात संस्कृतचा एकही शिलालेख नाही, म्हणजे तेव्हा संस्कृत नव्हतीच. दोन्ही बाजू मोठ्या आवाजात बोलतात. पण कालामांना तथागतांनी काय सांगितले? परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणूनही मानू नका. मग एखादी गोष्ट आपल्या बाजूची आहे, म्हणून तरी ती का मानावी? आज दोन्ही दावे एकाच तराजूत घालून पाहू.

लेण्यांतला पुरावा

आधी आपल्या बाजूचे जे खरे आहे ते ठणकावून सांगू. ते आपल्या पुणे जिल्ह्यातच कोरून ठेवले आहे. लोणावळा लोकलने मळवलीला उतरले की एका हाताला भाजे आणि दुसऱ्या हाताला कार्ले. कार्ल्याचा चैत्य कोणी पूर्ण केला? वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या शेठने. तिथे त्याला 'सेठि' म्हटले आहे. संस्कृतात 'श्रेष्ठी', लेण्यात 'सेठि', आपल्या तोंडी 'शेठ'. दाराचे दान देणारा सिहदत हा 'गंधिक', म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या दात्यांची नावे आहेत. हे सगळे लेख प्राकृतात आहेत, ब्राह्मी लिपीत. दान देणारा व्यापारी असो की यवन, भाषा लोकांची.

जुन्नरला जा. तिथल्या लेण्यांच्या लेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, बांबूचे काम करणाऱ्यांची आहे आणि 'कासाकारां'ची आहे. श्रेणी म्हणजे धंद्याची संघटना. त्या श्रेणीकडे ठेव ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून संघाचा खर्च भागवायचा, अशी रीत होती. हे कासाकार कोण? आपले कासार! कसबा पेठेत तांबट आळीची ठकठक ऐकत जे वाढले, त्यांना वेगळे समजावून सांगायला नको. भांडी घडवणाऱ्या हातांचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धलेण्यात कोरलेले आहे.

नाणेघाटातला लेख तर फारच बोलका आहे. तो सातवाहनांच्या राणीचा, नागनिकेचा. त्यात अश्वमेधाची, राजसूयाची, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाईंची यादी आहे. म्हणजे विषय वैदिक यज्ञाचा. आणि भाषा? प्राकृत. यज्ञ करणाऱ्या राजघराण्यालासुद्धा तो लेख संस्कृतात कोरावा असे वाटले नाही. राज्यकारभाराची भाषाच प्राकृत होती.

मग शिलेवर संस्कृत कधी आली? अयोध्या, घोसुंडी येथले छोटे लेख इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकाच्या आसपासचे मानतात. लांबलचक, अलंकारिक संस्कृत लेख पहिल्यांदा दिसतो तो गिरनारच्या खडकावर, महाक्षत्रप रुद्रदामन याचा, शके ७२ म्हणजे इ.स. १५० च्या सुमाराचा. सुदर्शन नावाचे धरण फुटले, ते दुरुस्त केले, त्याची ही हकिकत. त्याच खडकावर त्याच्या आधी चारशे वर्षे अशोकाचे चौदा लेख प्राकृतात कोरलेले होते. पुढे गुप्तकाळात स्कंदगुप्ताचा लेखही तिथेच कोरला गेला, तो संस्कृतात. एकाच दगडावर भाषेचा बदल वाचायला मिळतो. तेव्हा शिलालेखांत प्राकृत आधी आणि संस्कृत नंतर, हे निर्विवाद आहे. यात कोणी आपल्याला खोटे पाडू शकत नाही.

लिहिले नाही म्हणजे नव्हते काय?

आता पुढची पायरी जपून टाकू या. शिलालेख आधी प्राकृतात, म्हणून संस्कृत प्राकृतानंतर जन्मली, असे म्हणता येईल काय?

आपल्या आज्यांनी जात्यावर ओव्या म्हटल्या. कुठे लिहिल्या होत्या? हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून काम करून गावोगावच्या लाखावर ओव्या गोळा केल्या, तेव्हा कुठे त्या कागदावर आल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. कागदावर आल्या त्या दिवशी त्या जन्मल्या, असे कोणी म्हणेल का? लिपीचे वय वेगळे आणि बोलीचे वय वेगळे.

आणि हाच नियम आपण लावला तर तो उलटून आपल्यावरच येतो. तथागतांचे वचन भिक्खूंनी शतकानुशतके मुखोद्गत जपले. तिपिटक ग्रंथरूपाने लिहिले गेले ते श्रीलंकेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात. म्हणजे महापरिनिब्बानानंतर काही शतकांनी. लेखी नाही ते नव्हतेच असे म्हटले, तर बुद्धवचनही तेव्हाच रचले असे समोरचा म्हणेल. त्याला काय उत्तर देणार?

शिवाय आपल्याच तिपिटकाची साक्ष आहे. दीघनिकायात तेविज्ज सुत्त आहे, अम्बट्ठ सुत्त आहे. त्यांत तीन वेदांत पारंगत असलेले ब्राह्मण तथागतांशी वाद घालायला येतात. तथागत त्यांच्या दाव्यांचा फडशा पाडतात, पण वेद नाहीतच असे म्हणत नाहीत. जी गोष्ट त्यांच्यासमोर उभी होती, ती नव्हती असे आपण म्हणायचे?

बाहेरचा पुरावाही आहे. आजच्या तुर्कस्तानात बोगाझकोय येथे मातीच्या पाट्या सापडल्या. त्यांवर इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला हित्ती आणि मितानी राजांचा तह आहे. त्या तहाला साक्षी म्हणून मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य हे देव आहेत. ऋग्वेदातलेच हे देव. तेव्हा अशोकाला अजून हजार वर्षे अवकाश होता.

हे लांबचे झाले. घरातला पुरावा देतो. 'हप्ता' शब्द सगळ्यांना माहीत आहे, भिशीचा असो की बँकेचा. हा फारसीतला 'हफ्ता', म्हणजे सात दिवसांचा आठवडा. फारसीत सात म्हणजे 'हफ्त', जुन्या इराणी अवेस्ता भाषेत 'हप्त', संस्कृतात 'सप्त', लॅटिनमध्ये 'सेप्टेम'. सगळीकडे त च्या आधी ओठाने उच्चारायचा वर्ण आहे. पालीत मात्र 'सत्त', आणि आपले 'सात'. आता विचार करा. मूळ शब्द 'सत्त' असता, तर इराणात आणि रोममध्ये त्याच ठिकाणी हा ओठाचा वर्ण आला कुठून? म्हणजे 'प्त' जुना, त्याचा 'त्त' झाला. तसेच 'दस्तखत' घ्या. दस्त म्हणजे हात. संस्कृतात 'हस्त', पालीत 'हत्थ', मराठीत 'हात'. इथेही 'स्त' जुना, 'त्थ' नंतरचा. बोलताना जोडाक्षरे झिजतात. कर्म, कम्म, काम. अग्नि, अग्गि, आग. दुग्ध, दुद्ध, दूध. झीज या दिशेने होते. तेव्हा संस्कृत पालीतून निघाली हा दावा आपल्याच भिशीच्या हप्त्यापाशी अडतो.

मग संस्कृत सगळ्यांची आई काय?

नाही! आता दुसरे पारडे पाहू. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्य विल्यम जोन्स याने १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात मांडले. लोक त्याचे नाव घेऊन संस्कृतला जननी ठरवतात. त्याने सांगितले ते वेगळेच. तो म्हणाला की या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा आता कदाचित उरलेलीही नसेल. म्हणजे संस्कृत ही बहिणींतली एक. आणि तमिळ, कन्नड, तेलुगू, गोंडी, संथाळी या तर त्या कुटुंबातल्याच नाहीत. हडप्पा-मोहेंजोदडोची लिपी अजून सर्वमान्य रीतीने वाचता आलेली नाही. तिथली भाषा संस्कृत होती म्हणणारा आणि पाली होती म्हणणारा, दोघेही हवेत बाण मारतात.

बरे, पाली तरी संस्कृतची मुलगी आहे काय? दोन शब्द लक्षात ठेवा. 'इथे' या अर्थी संस्कृतात 'इह', पालीत 'इध'. अवेस्तात पाहिले तर तिथेही ह नाही, द-ध च्या जातीचाच उच्चार आहे. म्हणजे या शब्दात पालीचे रूप जुने आणि संस्कृतचे झिजलेले! दुसरे, 'देवांनी' या अर्थी वैदिक भाषेत 'देवेभिः' हेही रूप चालत असे. पुढच्या संस्कृतने ते टाकले आणि 'देवैः' ठेवले. पालीत 'देवेभि' आणि 'देवेहि' ही रूपे जिवंत राहिली. आणि आपला 'ळ'! तो ऋग्वेदाच्या पाठात आहे, पालीत आहे, मराठीत आहे. नंतरच्या अभिजात संस्कृतात नाही. मुलीकडे असा दागिना निघाला की जो आईकडे कधी नव्हताच, तर ती त्या आईची मुलगी कशी? ती मावशीची. पाली आणि प्राकृत या जुन्या काळच्या वेगवेगळ्या बोलींतून आल्या. त्या बोली वेदांच्या भाषेच्या सख्ख्या-चुलत बहिणी होत्या.

नावाचेही पाहा. व्याकरणकार पाणिनी स्वतःच्या काळच्या बोलीला 'संस्कृत' म्हणत नाही. तो तिला नुसती 'भाषा' म्हणतो आणि वेदाच्या भाषेला 'छन्दस्'. 'संस्कृत' हे नाव नंतर रूढ झाले. संस्कृत म्हणजे संस्कार केलेली, घडवलेली. पाणिनीने सुमारे चार हजार सूत्रांत तिचे नियम बांधले आणि ती तिथे थांबली. बोली मात्र थांबल्या नाहीत. 'पाली' या नावाचेही तसेच. पाली म्हणजे मूळ ग्रंथपाठ, त्यावरून पुढे भाषेला नाव पडले. थेरवादी परंपरा तिला मागधी म्हणते. तेव्हा 'घडवलेली भाषा' म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात अर्धे सत्य आहे. घडवली हे खरे, पण जी आधी बोलली जात होती तीच घडवली.

मराठीविषयी तर सर रामकृष्ण भांडारकरांनी १८७७ सालीच मुंबईच्या विल्सन व्याख्यानांत संस्कृत, पाली, प्राकृत आणि आजच्या भाषा यांची साखळी उलगडून दाखवली. पुढे ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, त्याचे मराठी भाषांतर आपल्या पुण्याच्या वासुदेव गोपाळ परांजप्यांनी केले. मराठी महाराष्ट्री प्राकृतातून, अपभ्रंशातून आली. कुंभारवाड्यातला 'कुंभार', तसेच 'लोहार', 'सोनार', 'चांभार' हे शब्द पाहा. 'कुम्भकार'मधला मधला क प्राकृतात गळाला आणि 'कुंभार' उरला. कष्टकऱ्यांच्या धंद्यांची नावे अशी तोंडातोंडी झिजून आली. 'कार्यक्रम', 'अध्यक्ष', 'व्यासपीठ' हे मात्र झिजलेले नाहीत. ते नंतर संस्कृतातून जसेच्या तसे उसने घेतले. उसन्या शब्दांनी आईपण ठरत नाही. तसे असते तर 'हप्ता' आणि 'दस्तखत' यांवरून मराठी फारसीची मुलगी ठरली असती.

वाद वयाचा नाही, दाराचा आहे

बंधूंनो, भगिनींनो, मग या वादात इतका संताप का? कारण प्रश्न भाषेच्या वयाचा कधीच नव्हता. प्रश्न होता, ज्ञानाच्या दाराला कडी कोणी लावली.

विनयपिटकात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू, सख्खे भाऊ, तथागतांना म्हणाले की वेगवेगळ्या कुळांतले भिक्खू आपापल्या बोलीत तुमचे वचन बिघडवतात, आम्ही ते छंदात घालू का? तथागतांनी त्यांना सक्त मनाई केली आणि आपल्या बोलीत धम्म शिकण्याची मुभा दिली. 'आपल्या' म्हणजे कोणाच्या, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आचार्य बुद्धघोष म्हणतात बुद्धांच्या स्वतःच्या, म्हणजे मागधी. आजचे बहुतेक अभ्यासक म्हणतात शिकणाऱ्याच्या. पण छंदाची कडी धम्माला लावू दिली नाही, याबद्दल दुमत नाही. आपल्या महाराष्ट्रात पुढे महानुभावांच्या नागदेवाचार्यांनीही शिष्याला संस्कृतात लिहिण्यापासून अडवले, कारण त्यांच्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित झाल्या असत्या. विचार तोच.

याच पुण्यात, आपल्या पेठेपासून चालत जावे इतक्या अंतरावर, विश्रामबागवाड्यात १८२१ साली इंग्रज सरकारने संस्कृत पाठशाळा काढली. पेशवाईतल्या दक्षिणेच्या पैशातून. सुरुवातीला ती ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठीच होती. त्या दक्षिणेतला काही भाग मराठी ग्रंथांना द्यावा म्हणून १८४९ साली सुधारकांनी अर्ज केला, तेव्हा शहरात केवढा गदारोळ झाला! जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेता आले नाही, फारसी घ्यावी लागली, हे आपल्याला ठाऊक आहे. पण बाबासाहेबांनी म्हणून संस्कृत नाकारली का? नाही. ती त्यांनी पुढे स्वतः अभ्यासली. 'शूद्र पूर्वी कोण होते' या १९४६ च्या ग्रंथात ऋग्वेदातले दाखले एकेक करून तपासले आणि आर्य नावाचा वंश बाहेरून आला हा सिद्धांत त्याच दाखल्यांवर नाकारला. भाषा आणि वंश यांची गल्लत करू नका, हा धडा त्यांनीच घालून दिला. आणि पालीचे व्याकरण व शब्दकोशही त्यांनी स्वतः तयार केला. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली तो त्यांच्या समग्र लेखनाचा सोळावा खंड म्हणून छापला. एवढ्या धकाधकीच्या आयुष्यात त्यांनी शब्दकोश करावा, यातच सगळे आले.

आणि संस्कृत ही काही एकट्या कोणाची मालमत्ता नाही. 'बुद्धचरित' लिहिणारा अश्वघोष बौद्ध. नागार्जुन, वसुबंधू, दिङ्नाग, धर्मकीर्ती यांनी संस्कृतात वाद जिंकले. पाठशाळेत पहिल्यांदा पाठ करायला देत तो 'अमरकोश' अमरसिंहाचा, परंपरा त्याला बौद्ध मानते. आपल्या अजिंठ्याला दहाव्या लेण्यात जुना लेख प्राकृतात आहे, तर सोळाव्या लेण्यातला वराहदेवाचा आणि सव्विसाव्यातला भिक्खू बुद्धभद्राचा लेख संस्कृतात. जेव्हा पंडितांच्या सभेत बोलायचे होते तेव्हा बौद्धांनी ती भाषा घेतली आणि तिच्यातही आपली मिसळ केली. एजर्टन या अमेरिकन पंडिताने त्या बौद्ध संस्कृतचे स्वतंत्र व्याकरण आणि कोश १९५३ साली प्रसिद्ध केला.

मुलांना काय सांगायचे

तर बालमित्रांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. वेदांची भाषा जुनी आहे, तिला अशोकानंतरची म्हणू नका. पण ती सगळ्यांची आई नाही. पाली ही तिची दासी नाही आणि आईही नाही, ती बहिणीच्या घरातली. मराठी प्राकृताच्या अंगणात वाढली. आणि आपल्या देशात पहिल्यांदा दगडावर मोठ्या प्रमाणात जी भाषा कोरली गेली ती लोकांची, ती कोरून घेणारा अशोक. एवढे सांगितले तर तुम्हाला कुठल्याही वादसभेत कोणी खाली बसवू शकणार नाही. उलट एक कच्चा पुरावा पुढे केला, तर समोरचा तेवढाच पकडतो आणि आपला खरा मुद्दाही त्याबरोबर वाहून जातो. कडी लावल्याचा मुद्दा इतका खरा आहे की त्याला खोट्या वयाचा टेकू लागत नाही.

पालकांना तीन सूचना. पहिली, वर्षातून एकदा मुलांना कार्ले-भाजे किंवा जुन्नरला न्या आणि ब्राह्मीची अक्षरे ओळखायला लावा. आठ-दहा दिवसांच्या सरावात मुले नावे वाचू लागतात. दुसरी, पाली शिकवा. त्रिसरण-पंचशील आपण रोज म्हणतो, त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ मुलाला सांगता आला पाहिजे. पुण्याला पालीची परंपरा आहे. धर्मानंद कोसंबी १९१२ पासून काही वर्षे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. गोव्यातून निघालेला हा माणूस पुण्यात आधी संस्कृत शिकायलाच आला होता. तिसरी, मुलाला संस्कृत घ्यावीशी वाटली तर अडवू नका. दार आता उघडे आहे, आत जाऊन पाहणाऱ्यालाच आतले खरेखोटे कळते. येरवड्याला डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम चालले आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून कोटीभर चिठ्ठ्या काढल्या आहेत, कोणता शब्द कोणत्या काळी कोणत्या अर्थाने आला याच्या. त्या चिठ्ठ्या काढायला आणि तपासायला आपली मुले का नसावीत?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा दिला. संस्कृतला तो २००५ साली मिळाला होता. म्हणजे सरकारदरबारी आज आई, मावशी आणि भाची एकाच पंगतीला बसल्या आहेत. मानपान झाला. पण भाषा दर्जाने जगत नाही, ती शिकणाऱ्याने जगते. रविवारच्या वर्गात आज जेवढी मुले आहेत, त्याच्या दुप्पट पुढच्या वर्धापनदिनापर्यंत व्हावीत, एवढे आपण सर्वांनी मनावर घ्यावे अशी विनंती करतो.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम! जय भारत!